तज्ज्ञ डॉक्टरांची उजळणी केवळ हजेरीवर नको

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रात ॲलोपॅथीचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी त्या काळात निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. नियम चांगला आहे आणि तो टिकलाच पाहिजे. मात्र हे पॉइंट मुख्यतः मान्यताप्राप्त व्याख्यानाला किंवा अधिवेशनाला हजर राहिल्याबद्दल मिळतात. ऐकलेल्यातले किती पदरात पडले, हे त्यात पाहिले जात नाही. शिवाय एमडी, एमएस किंवा डीएनबी ही तज्ज्ञतेची पदव्युत्तर पात्रता परिषदेकडे एकदा नोंदवली की ती कायमची. तीस वर्षांपूर्वी तज्ज्ञ झालेल्या डॉक्टरला त्याच्याच विषयातले आजचे शास्त्र ठाऊक आहे का, हे पडताळण्याची वेगळी सोय आपल्याकडे नाही. नाशिकमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना या उणिवेचे परिणाम मला वारंवार दिसतात, म्हणून हे पत्र.

शस्त्रक्रियेआधी उपाशी राहण्याचीच गोष्ट घ्या. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत पाणी किंवा बिनदुधाचा चहा घेतलेला चालतो, असे अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्येच मार्गदर्शक सूचनांत सांगितले. सुधारित आवृत्त्यांतही ते कायम आहे, आणि लहान मुलांना तर एक तास आधीपर्यंत पाणी देण्यास युरोपातील २०२२ च्या सूचना परवानगी देतात. तरीही शहरातल्या एका रुग्णालयात आजही सरसकट प्रत्येक केसपेपरवर ‘रात्री बारापासून एनबीएम’ (म्हणजे तोंडाने काहीही घ्यायचे नाही) असे लिहिले जाते, मग ऑपरेशन सकाळी आठला असो की दुपारी दोनला. ऐन मे महिन्यात सत्तरीची आजी बारा-चौदा तास पाण्याच्या थेंबाविना पडून राहते, ओठ कोरडे पडतात, सलाइन लावायला शीर सापडत नाही, आणि स्पायनल (पाठीच्या कण्यातून द्यायची भूल) दिल्याबरोबर रक्तदाब कोसळतो. नातेवाइकांना वाटते, भूल सोसली नाही. आतड्याला अडथळा असलेल्या किंवा तातडीने टेबलावर घ्याव्या लागणाऱ्या रुग्णांचे नियम वेगळे आहेत, हे खरे. पण इतरांना तहानेने का तळमळत ठेवायचे? या सवयीमागे निष्काळजीपणा नाही. शिकताना जे शिकवले गेले ते मनापासून पाळले जात आहे, एवढेच, आणि ते बदलल्याचे कोणी विचारलेले नाही.

याच्या नेमकी उलट बाजू वजन आणि साखर कमी करणाऱ्या नव्या औषधांची आहे. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने आता आपल्याकडेही वापरात आहेत. त्यांच्यामुळे जठर रिकामे व्हायला वेळ लागतो, त्यामुळे नियमानुसार उपाशी राहिलेल्या रुग्णाच्या पोटातही अन्न असू शकते, आणि भूल देताना ते उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अशी इंजेक्शने आठवडाभर आधी थांबवावीत, असे अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या त्याच संघटनेने जून २०२३ मध्ये सुचवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने इतर तज्ज्ञ संघटनांसह सुधारित सल्ला दिला: बहुतेकांना औषध चालू ठेवता येईल, मात्र धोका रुग्णागणिक तपासावा आणि धोका जास्त असेल तर आदल्या दिवशी फक्त पातळ आहार द्यावा. दीड वर्षाच्या आत सल्ला बदलला. ‘बीपी, शुगर, दमा आहे का’ एवढेच विचारण्याची सवय असलेल्या डॉक्टरला रुग्ण हे इंजेक्शन आपणहून सांगतच नाही, कारण त्याच्या लेखी ते वजनाचे औषध आहे. पाच वर्षांत केव्हातरी ऐकलेल्या व्याख्यानांत नेमके हे येईल, याची खात्री कशी देणार?

अमेरिकेत तज्ज्ञतेचे प्रमाणपत्र सरकारी परवान्याहून वेगळे असते. ते प्रत्येक विषयाचे स्वतंत्र मंडळ देते. कायद्याने ते ऐच्छिक असले, तरी रुग्णालये आणि विमा कंपन्या ते मागत असल्याने बहुतेकांना ते टिकवावे लागते. तेथील अंतर्गत वैद्यकशास्त्राच्या (इंटरनल मेडिसिन, म्हणजे फिजिशियनांचा विषय) मंडळाने १९९० पासून आजन्म प्रमाणपत्र देणे बंद करून दहा वर्षांची मुदत घातली. पुढे अटी आणि शुल्क यांचा भार एवढा वाढला, की डॉक्टरांच्या तीव्र विरोधानंतर फेब्रुवारी २०१५ मध्ये त्या मंडळाला जाहीर माफी मागावी लागली. भूलशास्त्राच्या मंडळाने अधिक शहाणपणाचा मार्ग काढला. २०१६ पासून दहा वर्षांनी होणारी मोठी परीक्षा काढून टाकून त्याने दर तिमाहीला ३० छोटे प्रश्न सुरू केले. डॉक्टर ते मोबाइलवर, सवडीने सोडवतात, प्रत्येक प्रश्नाला एक मिनिट मिळते आणि उत्तर दिल्याबरोबर बरोबर काय व का, हे समोर येते. चुकलेल्या ठिकाणीच शिकणे घडते, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते.

आपण हेच का करू नये? परिषदेने ३० पैकी निदान दहा पॉइंट स्वतःच्या विषयातील अशा प्रश्नांसाठी राखून ठेवावेत. १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे. राज्यभरातील संलग्न महाविद्यालयांच्या पदव्युत्तर परीक्षा तेच घेते आणि प्रत्येक विषयाचे परीक्षक त्याच्याकडे आहेत. प्रश्न काढण्याचे व दरवर्षी नवे करण्याचे काम त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला जमणार नाही. शुल्क नाममात्र असावे. उत्तर चुकले म्हणून कोणाची नोंदणी अडवू नये, प्रश्न सोडवून खुलासा वाचला की पॉइंट द्यावेत. साठीतल्या अनुभवी सहकाऱ्यांना परीक्षा या शब्दाचीच भीती वाटते, ती रास्त आहे आणि अमेरिकेच्या अनुभवाने ती खरीही ठरवली आहे. म्हणूनच पास-नापासाचा प्रकार यात मुळीच आणू नये.

याचा सर्वाधिक उपयोग शहरातल्या डॉक्टरांना नव्हे, तर सुरगाणा, पेठ, कळवण अशा तालुक्यांत काम करणाऱ्यांना होईल. जिथे सिझेरियन केव्हाही निघू शकते आणि भूल देणारा एकच असतो, तिथून दोन दिवसांच्या अधिवेशनासाठी मुंबई-पुण्याला कसे निघायचे? प्रवास, नोंदणी शुल्क आणि बंद राहिलेली सेवा, असा तिहेरी खर्च त्यांना पडतो. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी काही वर्षे काम थांबवलेल्या महिला डॉक्टरांचीही हीच अडचण आहे. मोबाइलवरचे प्रश्न त्यांना घरबसल्या सोडवता येतील.

वैद्यक परिषद आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांनी एकत्र बसून एखाद्या विषयापासून, शक्य तर भूलशास्त्रापासून, एका वर्षासाठी हा प्रयोग करावा, अशी माझी विनंती आहे. प्रश्न तयार करण्यासाठी विनामोबदला वेळ देण्यास मी तयार आहे, आणि याविषयी ज्या सहकाऱ्यांशी बोलले त्यांचीही तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक भूलतज्ज्ञ, गंगापूर रोड, नाशिक