दातांच्या दवाखान्यातल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

डॉक्टरांचे आभार आम्ही तिथल्या तिथे मानले. आबांनी तर त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. तुमचे मात्र मानायचे राहून गेले. तुम्ही आत हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात, लावत होता आणि बाहेर बाकावर पुढचा पेशंट गाल धरून बसला होता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर. रूट कॅनाल, म्हणजे दाढेतली कुजलेली नस काढून आत भरायचं काम, झालेलं माणूस घरी आल्यावर त्याचं आणि घरच्यांचं जे काय होतं, त्यात दवाखान्यातल्या मदतनीस बाईचा केवढा आधार असतो, हे लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत मेहनत केलेलं शरीर. पण खालच्या दाढेनं त्यांना रात्र रात्र उठवून बसवलं होतं. त्यांचं एकच म्हणणं, "काढून टाका म्हणावं. दाढ ती दाढ, जातीया तर जाऊ दे." त्यात त्यांना शुगर. राजारामपुरीत तुमच्याकडं नंबर लावायला फोन केला, तेव्हा तुम्ही दाढेच्या आधी शुगरचं विचारलंत. उपाशी आणू नका, नाष्टा करून, रोजची गोळी घेऊन आणा, म्हणालात. कारण इंजेक्शननंतर दोन-चार तास ओठ, जीभ बधिर राहते, त्या वेळात चावायला गेलं तर स्वतःचाच गाल चावला जातो. आमच्याकडं दवाखान्यात जायचं म्हणजे उपाशीपोटीच, असा सगळ्यांचा समज. शुगरच्या माणसाला तो किती महागात पडला असता!

आणि मग तुम्ही दुखण्याबद्दल खरं बोललात. खुर्चीतून उठलेल्या पेशंटला सगळे सांगतात, "झालं आता, काही होत नाही." तुम्ही म्हणालात, "आबा, दुखणार आहे. दोन-चार दिवस त्या बाजूनं चावलं की ठणकेल. ठणकलं म्हणजे काम बिघडलं असं नव्हे." आबांनी लगेच विचारलं, "नस काढली न्हवं? मग दुखंल कसं?" तुम्ही एक्स-रे उजेडाकडं धरलात. दाढेच्या मुळांतून खाली उतरलेल्या त्या पांढऱ्या रेघा दाखवल्यात. आतली कुजलेली नस काढून, पोकळी धुऊन, तिथे हे भरलंय; पण मुळाच्या टोकाबाहेर, हाडाजवळची जागा अजून सुजलेली आहे, तिला बरं व्हायला वेळ द्यायला हवा. आबा बराच वेळ त्या रेघांकडं बघत होते. त्यानंतर रात्री ठणका लागला तरी माणूस घाबरला नाही. "बाईनी सांगितलंय," म्हणायचे आणि गालावर रुमालात गुंडाळलेला बर्फ धरून बसायचे. दुखणं तेवढंच होतं, पण त्याची भीती गेली होती. माझ्या मते निम्मं बरं होणं तेच.

खाण्याचं पण तुम्ही आमच्या घरचं विचारून सांगितलंत. नुसतं "मऊ खा" म्हणून सोडलं असतं तर कोल्हापुरात काय द्यायचं माणसाला? भडंग बंद, खर्डा-भाकरी बंद, तांबडा रस्सा नको. मग ताकातल्या जोंधळ्याच्या कण्या, मऊ मुगाची खिचडी, आणि रविवारी घरात मटण शिजलं तेव्हा फक्त पांढरा रस्सा, तोही कोमट करून. आबांनी वाटी दोन्ही हातांत धरून, दुसऱ्या बाजूनं, अगदी सावकाश प्यायला. जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. गोळ्या चिठ्ठीत लिहिल्यात तेवढ्याच, मेडिकलमधून मनानं जास्तीची आणायची नाही, हेही तुम्ही दोनदा बजावलंत.

तंबाखूचं मात्र तुम्ही त्यांना आमच्यासमोर सांगितलं नाहीत. बाजूला घेऊन बोललात. काय बोललात ते आबांनी आजवर सांगितलेलं नाही, आणि मी विचारलंही नाही. चंची देवळीत तशीच पडून आहे. म्हाताऱ्या माणसाचा मान राखून सांगितलं की ते ऐकतं, हे मी तुमच्याकडून शिकले.

त्या रात्रीच्या फोनबद्दल काय लिहू? ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय असं वाटलं, म्हणून न राहवून फोन केला. घरची कामं आवरायची तुमची वेळ. आवाजात जरासुद्धा कंटाळा नव्हता. ताप आहे का? गालाला किंवा जबड्याखाली सूज? तोंड पूर्ण उघडतं का, गिळताना त्रास? आपोआप दुखतंय, की दातावर दात टेकला की? मी आबांना विचारत गेले, तुम्हाला सांगत गेले. सूज असती, ताप असता, तर तुम्ही त्याच वेळी डॉक्टरांना उठवणार होता, तसं म्हणालातही. पण दुखत होतं फक्त दात टेकला की. "मग वरचं सिमेंट जरा उंच लागत असेल. सकाळी आणा." सकाळी डॉक्टरांनी निळा कागद दातांत धरून टकटक चावायला लावलं, दाढेवर जिथे गडद ठिपका उमटला तेवढंच घासलं. आबा उठताना म्हणाले, "आत्ता बसला बघा दात जाग्यावर."

पुढे दुखायचं थांबलं आणि आबांनी कॅपचं, म्हणजे दाढेवर बसवायच्या टोपणाचं, टाळायला सुरुवात केली. "कशाला पायजे? दुखत न्हाई की आता." आमच्या गल्लीतही किती जणांनी असंच अर्धवट सोडलंय, आणि पुढे तीच दाढ उभी चिरली म्हणून काढावी लागली. किडलेला भाग काढून दाढ आधीच पोखरलेली, वरचं भरण कच्चं, आणि चावायचा सगळा जोर त्याच दाढेवर. तुम्ही आठवणीनं फोन केलात, आणि माझ्याशी न बोलता थेट आबांना मागून घेतलंत. कॅप बसली. परवा त्यांनी त्याच बाजूनं भाकरी खाल्ली.

आता सासूबाईंची वरची दाढ दाखवायची आहे. कधी यायचं ते कळवा. त्यांचं म्हणणं एवढंच, की त्या ताई ज्या दिवशी असतील त्याच दिवशीचा नंबर लाव.

तुमची,
आबांची सून