खुले पत्र: परकीय भाषा कुठपर्यंत शिकवायची, हे एकदा ठरवा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: आठवी ते बारावीतील परकीय भाषांचा सलग अभ्यासक्रम आखण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत आपल्या राज्यात तिसऱ्या भाषेवरून रान पेटलं होतं. शासन निर्णय निघाला, बदलला आणि शेवटी मागे घेतला गेला. त्या गदारोळात ‘कोणती भाषा’ आणि ‘कितवीपासून’ हे दोन प्रश्न प्रत्येक चॅनेलवर आणि पुण्यातल्या प्रत्येक कट्ट्यावर चघळून झाले. तिसरा प्रश्न मात्र कुणी काढलाच नाही: कुठपर्यंत? म्हणजे मूल ती भाषा जिथे सोडणार, तिथे त्याला नेमकं काय यायला हवं? मी पुण्यात जर्मन शिकवते. आधी शाळेत शिकवत होते, आता कनिष्ठ महाविद्यालयात. माझं सगळं दुखणं या तिसऱ्या प्रश्नाशी आहे.

प्रवेशाच्या फेऱ्या आटोपून अकरावीचे वर्ग एकदाचे भरतात तेव्हा माझ्या वर्गात काय दिसतं ते सांगते. एकाच बाकावर दोन मुली. एकीने आठवी ते दहावी जर्मन केलंय. तिच्या जुन्या वहीत पुल्लिंगी नामं निळ्या पेनाने, स्त्रीलिंगी लाल आणि नपुंसकलिंगी हिरव्या पेनाने लिहिलेली आहेत. भूतकाळातली वाक्यं तिला करता येतात. मैत्रिणीला वाढदिवसाचं बोलावणं करणारं पत्र ती सहज लिहिते. शेजारचीने दहावीपर्यंत हिंदी आणि संस्कृत घेतलं होतं. अक्षरावरचे दोन टिंब कशाचे, हा तिचा प्रश्न आणि तो रास्तच आहे. दोघींचं पुस्तक एक, तास एक, परीक्षाही एकच. मी अर्थातच शेजारचीपासून सुरुवात करते, नाहीतर ती पहिल्या महिन्यातच बुडेल. मग तीन वर्षं शिकलेली मुलगी पुन्हा ‘माझं नाव अमुक, मी पुण्यात राहते’ म्हणायला लागते. दिवाळीपर्यंत तिची रंगीत पेनं दप्तरात गेलेली असतात आणि जर्मनच्या तासाला फिजिक्सचं जर्नल पुरं होत असतं. मी तिला रागावत नाही. काय म्हणून रागवायचं?

कात्रजहून शिवाजीनगरला निघालेल्या माणसाला स्वारगेटला उतरवून परत कात्रजला नेऊन सोडावं, तसा हा प्रकार आहे. आणि हे आपण वर्षानुवर्षं करतोय, तेही पालकांच्या आणि काही ठिकाणी शासनाच्या पैशाने.

आता थोडा हिशेब. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषा येण्याच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या: ए-१ पासून सी-२ पर्यंत. ए-१ म्हणजे ओळखीपुरतं, ए-२ म्हणजे दुकानात आणि स्टेशनवर अडणार नाही इतपत, बी-१ म्हणजे रोजचा व्यवहार आणि आपलं म्हणणं स्वतःच्या वाक्यांत मांडता येणं. जर्मन शिकवणारी गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्या पुणेकरांचं मॅक्समुल्लर भवन, याचा ढोबळ आडाखा असा की पंचेचाळीस मिनिटांच्या तासिका धरल्या तर ए-१ ला ८० ते २००, ए-२ पर्यंत २०० ते ३५० आणि बी-१ पर्यंत ३५० ते ६५० तासिका लागतात. शाळेत आठवड्याला चार तासिका, त्याही पस्तीस मिनिटांच्या. परीक्षा, गॅदरिंग, सहल, सुट्ट्या आणि शिक्षकांना लागणारी निवडणुकीची कामं वजा जाता वर्षाचे बत्तीस आठवडे पदरात पडले, तर १२८ तासिका होतात. पंचेचाळीस मिनिटांच्या मापाने त्या शंभर. अकरावी-बारावीलाही तेवढाच वेळ धरला, तर सलग पाच वर्षांत पाचशे. म्हणजे बारावी संपताना बी-१ हाताशी आहे. एक तासिका न वाढवता, एक रुपया जास्त न खर्चता.

प्रत्यक्षात काय होतं? आठवी ते दहावी तीनशे तासिकांत मूल ए-२ पर्यंत येतं. अकरावीला आपण पाटी पुसतो आणि पुढच्या दोनशे तासिकांत त्याला पुन्हा ए-१ च्या शेवटापर्यंत आणतो. पाच वर्षं घालवून बारावीच्या गुणपत्रिकेवर जे उमटतं, ते मूल दहावीला जिथे होतं त्याच्याही खालचं असतं. ९६ गुण मात्र पडलेले असतात.

गुणांचं सांगायलाच हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे. माझ्या वर्गातली बरीच मुलं मराठी सोडून जर्मनकडे येतात ती जर्मनच्या प्रेमाने नव्हे. ‘स्कोअरिंग आहे’ म्हणून. (मराठीत पैकीच्या पैकी पडत नाहीत हा मराठीचा दोष की पेपर तपासणाऱ्यांचा, हा वेगळ्या पत्राचा विषय.) स्कोअरिंग ठेवायचं तर पातळी खाली ठेवावी लागते आणि पातळी खाली ठेवायची तर दरवेळी पहिल्यापासून सुरुवात करणं सगळ्यांच्याच सोयीचं. मुलं खूश, पालक खूश, कॉलेजचा निकाल शंभर टक्के. तोंडी परीक्षेला वीस गुण असतात. मुलं आठ-दहा उत्तरं घोटून येतात. एका मुलाला छंद विचारला. ‘वाचन’, अगदी खणखणीत, उच्चारासकट. मी पुढे विचारलं, शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंस? तो माझ्याकडे बघतच राहिला. हा प्रश्न यादीत नव्हता. पोरगा हुशार होता, पुढे चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेला. त्याला जर्मन येत नव्हतं आणि त्याच्याकडून ते कुणी मागितलंही नव्हतं.

याच सुमारास शासन दुसऱ्या दाराशी काय करतंय ते पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यासाठी तरुणांना जर्मन शिकवण्याची योजना आखली. योजना चांगलीच आहे. पण नर्सिंगसाठी तिकडे साधारणपणे बी-२, म्हणजे बी-१ च्या वरची पायरी, मागतात आणि विशी-पंचविशीतल्या मुलामुलींना मुळाक्षरांपासून तिथवर न्यायला किती घाई होते, ते इथल्या क्लासवाल्यांना विचारा. त्यातल्या काहींनी शाळेत जर्मन घेतलेलं असतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर विषयाचं नाव असतं, पातळी नसते, म्हणून तेही पुन्हा पहिल्या बाकावर. एकीकडे आपण पंधराव्या वर्षी आलेली भाषा वाया घालवतो आणि दुसरीकडे बाविसाव्या वर्षी तीच धावपळ करून शिकवतो. दोन्ही खर्च एकाच सरकारच्या राज्यात.

तेव्हा माझी विनंती अशी की अभ्यासक्रम वरून खाली आखा. आधी बारावीची पातळी जाहीर करा. मग दहावीला कुठे असायला हवं, नववीला कुठे, आठवीत काय पुरे, हे आपोआप ठरत जातं. आज आठवीचं पुस्तक आठवीपुरता विचार करतं आणि अकरावीचं अकरावीपुरता. या कामासाठी फार लांब जायलाही नको. बालभारती सेनापती बापट रस्त्यावर आहे, दहावी-बारावीच्या परीक्षा घेणारं राज्य मंडळ शिवाजीनगरला आणि एससीईआरटी, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, कुमठेकर रस्त्यावर. तीन कार्यालयांतली माणसं एका रिक्षाच्या अंतरावर बसतात. त्यांनी एका टेबलाशी बसावं, एवढंच आपण घडवून आणायचं.

अकरावीला दोन दारं लागतील. शिकून आलेल्यांसाठी पुढचं आणि नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी पहिलं. नवख्यांचं दार बंद करा असं मी म्हणणार नाही, उलट ते नीट बांधा. परकीय भाषा आठवीपासून मिळते ती बहुतेक फी भरणाऱ्या शाळांत. पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीला जर्मन, फ्रेंच, जपानी पहिल्यांदा भेटते ती अकरावीतच. तिला दोन वर्षांत ए-२ पर्यंत प्रामाणिकपणे नेता येतं, पण त्यासाठी तिचा स्वतःचा वर्ग हवा आणि तिला पुढे गेलेल्यांशी गुणांची शर्यत लावायला नको. दोन्ही दारांचे पेपर वेगळे आणि गुणपत्रिकेवर पातळी छापलेली. ‘जर्मन, ९६’ यापेक्षा ‘जर्मन, बी-१, ७४’ हे कुठल्याही विद्यापीठाला आणि कंपनीला जास्त सांगून जातं. चाकणला जर्मन कारखाने आहेत, त्यांना विचारून बघा.

प्रवेश इयत्तेवर नव्हे, तर येतं किती त्यावर, ही गोष्ट पुण्याला नवी नाही. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे. तिथे सर्टिफिकेटच्या आधी कुणी डिप्लोमाला बसत नाही. मॅक्समुल्लर भवनात नि फ्रेंच शिकवणाऱ्या अलियाँस फ्रॉन्सेजमध्येही आधी पातळी पाहतात, मग वर्ग देतात. सायकल घेऊन निघालं तर मुलाच्या शाळेपासून दहा मिनिटांवर जे चालतं, ते शाळेत का चालू नये?

प्रत्येक कॉलेजला दोन तुकड्या परवडणार नाहीत, हे मी जाणते. पुढच्या दारातून एका कॉलेजात सात मुलं येतील, दुसऱ्यात अकरा. पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या कोष्टकात ती बसणार नाहीत. पण डेक्कन ते स्वारगेट या पट्ट्यात इतकी कनिष्ठ महाविद्यालयं आहेत की चार-पाच जणांनी मिळून शनिवारी एकत्र वर्ग घेतला तर तो भरेल. अडचण खोल्यांची नाही. मुलाचं नाव एका कॉलेजच्या पटावर आणि गुण दुसऱ्या कॉलेजने द्यायचे, याला आज नियमात जागा नाही, म्हणून कुणी धजावत नाही. ती जागा शासनानेच करून द्यायला हवी.

शिक्षकांबद्दल थोडक्यात. माझ्या माहितीतले परकीय भाषांचे बहुतेक शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. सत्र सुरू झालं की बोलावणं, संपलं की नमस्कार. पाच वर्षांचा क्रम राबवायचा तर तो माहीत असणारं माणूस पाच वर्षं जागेवर असायला हवं. क्रम कागदावर राहील की वर्गात येईल, ते या एका गोष्टीवर ठरेल.

सगळ्या भाषांना एकच फूटपट्टी लावू नका, ही आणखी एक विनंती. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या अनुभवानुसार इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिशच्या जवळजवळ तिप्पट वेळ जपानीला लागतो. दोन लिप्या आणि वर कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, हे ओझं खरंच आहे. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे, जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेचं केंद्रही इथे आहे, तिची पहिली पायरी एन-५ देणारी शाळकरी मुलं दिसतात. त्यांच्यासाठी बारावीचं ठिकाण वेगळं ठरवावं लागेल आणि त्यात कमीपणा नाही. मात्र अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत, कारण आपली मुलं इंग्रजीतून नाही, मराठीतून येतात. क्रियापद शेवटी आणि नामामागे चिकटणारे प्रत्यय ही जपानीची घडण मराठी मुलाला ओळखीची वाटते. जर्मनची तीन लिंगं पाहून इंग्रजी माणूस हबकतो. आपलं मूल तो-ती-ते म्हणतच मोठं झालेलं असतं. पण आमची पुस्तकं इंग्रजीतून समजावतात. मुलाजवळ आयता असलेला आधार काढून घेतो आणि मग म्हणतो, भाषा अवघड आहे. नवा क्रम आखताना पुस्तकातलं स्पष्टीकरण मराठीतही असावं. मराठी विरुद्ध जर्मन हे भांडणही त्याने जरा निवेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, थाय, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशी लांबलचक यादी आहे. ती पाहून एखादी शाळा उत्साहात कोरियन सुरू करेल, शिक्षक सोडून जाईल, दोन वर्षांनी वर्ग बंद. हे नको. गोएथे इन्स्टिट्यूटशी झालेल्या २०११ च्या करारानंतर केंद्रीय विद्यालयांत सहावी ते आठवीला जर्मन तिसरी भाषा म्हणून आली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये, भर सत्रात, तिच्या जागी संस्कृत आणायचं ठरलं. सत्तर हजारांच्या आसपास मुलं त्यात सापडली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जर्मन बरी की संस्कृत, यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. नोव्हेंबरात वही बदलावी लागलेल्या सातवीतल्या मुलाचं मात्र कुणी फारसं काढलं नाही. म्हणून ज्या शाळेला एखादी भाषा सलग तीन वर्षं नेण्याची आणि पुढे अकरावीत ती कुठे मिळेल हे सांगण्याची हमी देता येत नाही, तिला ती सुरू करायला परवानगीच देऊ नये. चार भाषांचे फलक लावण्यापेक्षा एक भाषा तडीस नेलेली बरी.

हे सगळं एका वर्षात होणार नाही. पुस्तकं, पेपर, शिक्षक, सगळ्यालाच वेळ लागेल. पण एक गोष्ट पुढच्या प्रवेशांच्या आत करता येईल. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात एक रकाना वाढवा: ‘दहावीपर्यंत कोणती परकीय भाषा शिकलात आणि किती वर्षं?’ आज हा प्रश्न कुणी विचारत नाही, त्यामुळे पुण्यात कुठल्या भागात किती मुलं पुढच्या दारातून येऊ शकतील याचा अंदाज ना कॉलेजला असतो ना शिक्षणाधिकाऱ्यांना. तो आकडा हातात आला की शनिवारचे एकत्र वर्ग कुठे लागतील, शिक्षक किती लागतील, हे कुणालाही मांडता येईल. ती मांडणी करायला मी आणि माझ्यासारखे शिक्षक विनामानधन बसायला तयार आहोत. बैठकीची वेळ दुपारी दोननंतरची ठेवावी, सकाळी आमचे तास असतात.

आपली,
पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयातली जर्मनची शिक्षिका