फ्लोरा फाउंटनचा दगड कोण मोजतंय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या हवेबद्दल तुमच्या पेपरात हल्ली रोज काही ना काही येतं, ते चांगलंच आहे, पण त्याच हवेत दिवसरात्र उभ्या असलेल्या जुन्या वास्तूंबद्दल कोणी बोलत नाही म्हणून हे पत्र.

माझं ऑफिस फोर्टात, जुन्या बिल्डिंगमध्ये. दाराच्या कमानीवर पोरबंदरच्या दगडात कोरलेली वेलबुट्टी आहे. मागच्या महिन्यात नीट बघितलं तर पावसाचा मारा बसतो तिथली पानं पांढुरकी आणि आडोशाची पानं काळीकुट्ट. एका पानाला नुसतं बोट लावलं तर काळी खपलीच हातात आली, खाली पिठीसाखरेसारखी भुकटी, आणि पानाच्या शिरा खपलीबरोबर गेल्या. फार वाईट वाटलं. वॉचमन म्हणाला धूळ आहे साहेब, प्रेशरने पाणी मारलं की निघेल. पण ती धूळ नाहीये हो. हा दगड म्हणजे चुनखडी, हवेतला सल्फर डायऑक्साइड आणि ओल मिळून त्याचं जिप्सम नावाचं मऊ खनिज होतं, त्यात काजळी अडकते, आणि जोरात पाणी मारलं की खपली आणि कोरीवकाम दोन्ही जातं.

आपलं फ्लोरा फाउंटन १८६४ चं, इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलँड दगडाचं. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रललाही हाच दगड आहे, तिथे वरच्या कठड्याची झीज १९८० पासून ठरलेल्या जागी मोजत आलेत, म्हणून हवेतला सल्फर कमी झाला तशी झीजही कमी झाली हे त्यांना आकड्यात दाखवता येतं. आपण २०१९ मध्ये फाउंटनची दुरुस्ती पूर्ण केली, छान केली, पण त्यानंतर दगड किती झिजला याचा आकडा मला तरी कुठे बघायला मिळाला नाही.

हवा किती चांगली-वाईट ते सांगणारा एक्यूआय आहे की, असं कोणी म्हणेल. पण त्यातले आठ घटक माणसाच्या तब्येतीसाठी आहेत. माणूस खोकून बरा होतो, दगड भरून येत नाही, त्यामुळे एक्यूआय 'समाधानकारक' असलेल्या दिवसांचाही हिशोब ठेवावा लागतो. आणि चांदीची नाणी काळी करणारा हायड्रोजन सल्फाइड, नाल्याजवळ सडक्या अंड्यासारखा वास येतो तो, या आठात नाहीच! म्युझियममधल्या वस्तूंना तर कपाटाचाही त्रास, नव्या प्लायवूडमधून ॲसिटिक ॲसिडची वाफ निघते आणि शिशाच्या वस्तू खाते.

हे मोजायला फार खर्च नाही. तांब्याची आणि चांदीची स्वच्छ पट्टी ३० दिवस टांगायची, मग लॅबमध्ये तिच्यावरचा गंजाचा थर मोजायचा. आतल्या दालनात तांब्यावर तो थर ३०० अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत असेल तर हवा सौम्य धरतात. बाहेर दगडासाठी चुनखडीचे छोटे तुकडे ठेवून वर्षाने वजन करायचं. ताजमहालासाठी सुप्रीम कोर्टाला १९९६ मध्ये कारखान्यांच्या कोळशावर आदेश द्यावा लागला, आपण कोर्टाची वाट का बघायची? सीएसएमटी २००४ पासून जागतिक वारसा आहे, ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती २०१८ पासून. निदान या दोन ठिकाणी, तसंच फाउंटनला आणि म्युझियममध्ये पालिकेने आणि प्रदूषण मंडळाने मिळून अशा पट्ट्या लावाव्यात आणि आकडे तिथेच बोर्डावर लिहावेत.

आमच्या कमानीवरच्या उरलेल्या पानांचे फोटो मी आता दर महिन्याला एकाच जागेवरून काढून ठेवतोय, कोणाला तुलनेसाठी हवे असतील तर जरूर देईन.

आपला,
एक वाचक, डोंबिवली