नॅरोबोट म्हणजे क्रूझ नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या कालव्यांवरच्या नॅरोबोट, म्हणजे लांबट अरुंद बोटीतल्या सफरीबद्दल वाचलं, फोटो झकास, पण ‘आरामदायी क्रूझ’ वाचून आमच्या घरी सगळे खो खो हसले. मागच्या एप्रिलअखेर मी, ही, मुलगा आणि सूनबाई असे चौघं केनेट अँड एव्हन कालव्यावर ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ते डिव्हायझेस आणि परत असे आठवडाभर फिरलो. बोट आपणच चालवायची, आणि टिलर म्हणजे सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट वळते उजवीकडे, त्यामुळे पहिला दिवस झुडपांत घुसण्यातच गेला. स्पीड लिमिट ताशी 4 मैल, काठावरून कुत्रं फिरवणारे लोक आपल्याला आरामात मागे टाकतात.

खरी मेहनत डिव्हायझेसच्या केन हिलला. जेमतेम 2 मैलांत 29 लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणारे दारांचे हौद, चढ 237 फूट, त्यातले 16 तर टेकडीवर एका सरळ रेषेत, खालून बघितलं की धडकीच भरते. बोट आत घ्यायची, मागची दारं लावायची, विंडलास म्हणजे लोखंडी हँडल फिरवून झडपा उचलायच्या, पाणी भरतं तशी बोट वर येते. मग दाराच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून रेटायचं, पाय घसरू नयेत म्हणून जमिनीत विटांच्या उंच ओळी बसवल्यात त्यांना टाच अडकवून. मी आपला जोर लावतोय, दार ढिम्म. शेजारच्या बोटीवरच्या सत्तरीच्या आजी म्हणाल्या, थांबा, दोन्हीकडचं पाणी एका पातळीवर येऊ द्या. आलं, आणि दार एका हाताने उघडलं! सकाळी सुरू केलं ते वर पोचेपर्यंत संध्याकाळ, रात्री कोणी जेवायलाही तयार नव्हतं.

हा टप्पा 1810 मध्ये सगळ्यात शेवटी बांधून झाला, तोवर माल घोड्यांच्या ट्रामने टेकडी चढायचा. 1841 ला लंडन-ब्रिस्टल रेल्वे आली आणि 1852 मध्ये रेल्वे कंपनीनेच कालवा विकत घेतला, मग काय, हळूहळू गाळ आणि गवत. हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून तो परत जिवंत केला, 1990 ला राणीच्या हस्ते पुन्हा सुरू झाला. आमच्या मुठा कालव्याकडे बघून हे लिहिताना जरा पोटात दुखतंच.

बाकी वसंत म्हणाल तर काठाच्या झाडीत रानलसणाची पांढरी फुलं, वास थेट फोडणीचा, हिला सकाळी सकाळी भूक लागायची.

एक गोष्ट मात्र लेखात हवीच होती. लॉकमधून उतरताना वरच्या दाराशी पाण्याखाली पक्का कठडा असतो, पाणी उतरलं की बोटीचा मागचा भाग त्यावर अडकून बोट उलटू शकते. भिंतीवर पांढरी खूण असते, बोट कायम तिच्या पुढे ठेवायची. लहान मुलं, आईवडील घेऊन जाणारे बरेच असतील, तेवढं प्लीज छापा.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे