लागायची वाट पाहू नको

आदरणीय सिस्टर,

माझ्या बाळंतपणाच्या रात्रीनंतर सकाळी तुमची ड्युटी संपली तेव्हा मी गाढ झोपले होते, त्यामुळे आभार राहूनच गेले. लेक आता दीड महिन्याची झाली. तिचं लंगोट बदलताना दिवसातून दहा वेळा तुमची आठवण येते. हसाल तुम्ही, पण खरं आहे.

नवतपा होता, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. बाहेर रात्रीही गरम झळा आणि आत कूलरचा खडखडाट. संध्याकाळी ६ वाजता भूलतज्ज्ञांनी पाठीत एपिड्युरल दिलं आणि कळा कुठे गेल्या ते कळेना. मॉनिटरच्या कागदावर कळांचे डोंगर उमटत होते आणि मी आईशी बारशाच्या गप्पा मारत होते. आधीच्या पाळीतल्या सिस्टर जाताना म्हणाल्या होत्या, "लघवी लागली की सांगा." मी आज्ञाधारकपणे लागायची वाट पाहत बसले. हाताला सलाईन चालूच.

९ वाजता तुम्ही आलात. आधी काही बोलला नाहीत, नुसता ओटीपोटावर तळवा ठेवला.

"काहून बाई, लघवी केव्हा केली?"

"लागलीच नाही सिस्टर."

"लागन कशी? पाय सुन्न आहे ना तुझे? मग तिथलं तरी कसं कळन? लागायची वाट नको पाहू, घड्याळ पाह्य."

एवढ्या एका वाक्यात मला सगळं समजलं. कळा बधिर करणारं औषध मूत्राशयाचा निरोप आणणाऱ्या नसाही बधिर करतं. सलाईन वाहतंय, लघवीची पिशवी भरतेय, पण वर्दी द्यायला कोणी नाही. भरलेली पिशवी बाळाच्या डोक्याच्या वाटेत येऊ शकते आणि फार ताणली गेली तर तिचा स्नायू सैल पडून नंतर कित्येक दिवस लघवी नीट होत नाही, हे तुम्ही बेडपॅन धुता धुता सांगितलंत. नऊ महिने मी एपिड्युरलबद्दल ढीगभर वाचलं होतं. हे वाचल्याचं काही आठवत नाही.

बेडपॅन स्टीलचं. थंड लागू नये म्हणून तुम्ही त्यावर गरम पाणी ओतलंत. सासूबाईंना गोड बोलून बाहेर पाठवलंत, वॉर्डातल्या मावशींना पडदा ओढायला सांगितलंत. झोपून होत नाही म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून मला बसवलंत; माझे पाय म्हणजे तांदळाची दोन पोती झाली होती, ती तुम्हीच उचलून ठेवली. मग बेसिनचा नळ बारीक सोडलात. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काही नाही. एकतीस वर्षांच्या बाईला लघवी करता येऊ नये याचं मला रडू यायला लागलं. तुम्ही म्हणालात, "होते असं. चाल, नळीनं काढू."

त्या नळीची मला पाठीतल्या सुईपेक्षा जास्त धास्ती होती. प्रत्यक्षात काहीच कळलं नाही. तुम्ही मापाचा जग दिव्यासमोर धरून दूधवाल्यासारखं माप घेतलंत: ६५० मिली. चार्टवर लिहिलंत आणि नळी काढून टाकलीत. राहू द्या ना आतच, मी म्हटलं. "काही जागी ठेवतात. पण आत राहिली तं जंतूंले वाट भेटते. दोन तासांनी पुन्हा पाहू." आई मध्येच म्हणाली, मग हिला पाणीच कमी देते. त्यावर तुम्ही तिच्याकडे असं पाहिलंत की तिनं गुपचूप पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला.

११ वाजता पुन्हा नळी. १ वाजता मात्र आपोआप झाली, २०० मिली! बारावीच्या निकालालाही मी इतकी खूश झाले नव्हते.

पहाटे ४ वाजता लेक झाली. सगळे तिच्याभोवती गोळा झाले आणि तुम्ही तेवढ्या माझ्याकडे पाहत होतात. रक्त जरा जास्त जात होतं. पोट दाबलंत तर गर्भाशय बेंबीच्या वर, उजवीकडे सरकलेलं. खालून भरलेल्या लघवीच्या पिशवीनं ते ढकललं होतं आणि त्याला नीट आकसता येत नव्हतं. परत नळी. थोड्या वेळानं तुम्ही माझा हात धरून पोटावर ठेवलात. कच्च्या नारळासारखं घट्ट काहीतरी हाताला लागलं. "हे असं पाहिजे," म्हणालात. रक्त कमी झालं होतं. मला तेव्हा भीतीसुद्धा वाटली नाही, कारण तुमच्या चेहऱ्यावर ती नव्हती. घरी आल्यावर मात्र एका रात्री हात थरथरले.

आणि जाताना आईला बजावून गेलात: सहा तासांच्या आत हिची लघवी झाली पाहिजे, आणि मोजून. आईनं माझ्या फाइलच्या मागे पेन्सिलीनं आकडे लिहिलेत, १८०, ३००, ३५०. फाइल जपून ठेवलीय.

काल संत्रा बर्फी घेऊन आले होते, तर तुमची सुट्टी. डबा काउंटरवर ठेवलाय, वर "रात्रपाळीच्या सिस्टरसाठी" असं लिहिलंय. दिवसपाळीवाल्यांनी संपवला असेल तर कळवा, दुसरा आणते.

तुमची,
सात नंबरच्या पलंगावरची