वारीचा अभ्यास आणि पैठणची वाट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढीनिमित्त आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ‘हैबतबाबांनी वारी सुरू केली’ असे विधान आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली हे खरे. परंतु पालखी सोहळा वेगळा आणि वारी वेगळी. पंढरपूरच्या ‘चौऱ्यांशीच्या’ शिलालेखात शके ११९५ ते ११९९ (इ. स. १२७३ ते १२७७) या काळातील देणग्यांची नोंद असून देणाऱ्यांत देवगिरीचा राजा रामदेवराव यादव आणि त्याचा प्रधान हेमाद्री पंडित यांचीही नावे आहेत. ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे या क्षेत्राचा लौकिक तिच्याही आधीचा आहे.

ही चूक एका लेखकाची म्हणून सोडून देता आली असती, पण तिचे मूळ अभ्यासाच्या परंपरेत आहे, म्हणून हे पत्र. न्या. रानडे यांना संतांच्या कार्यात मराठी सत्तेची पूर्वतयारी दिसली, तर इतिहासाचार्य राजवाड्यांना त्याच कार्यात समाजाला पंगू करणारी निवृत्ती दिसली. हा वाद ग्रंथांच्या आधारे चालला. वाट पायाखाली घेऊन लिहिणारे पुढे आले. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला येतात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सुचली, आणि जातवार दिंड्या व वेगळ्या पंगती पाहून वाटलेली खंतही त्यांनी लपवली नाही. फ्रेंच अभ्यासक डेल्यूरी यांचा विठोबावरील ग्रंथ १९६० चा. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ मध्ये विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले, तेव्हा वाटेचा अर्थही बदलला.

त्याआधी, १९६२ मध्ये, इतिहासकार दामोदर कोसंबी यांनी पालखीची वाट प्रागैतिहासिक काळातील भटक्या पशुपालकांच्या हंगामी वाटांशी जोडली होती. ऐन पेरणीच्या दिवसांत शेतकरी घर सोडतो, त्या अर्थी ही चाल शेतीच्याही आधीची असली पाहिजे, असा त्या मांडणीचा रोख. मला ती आकर्षक वाटते, पण पुरती पटत नाही. आमच्याकडे मृगाचा पाऊस वेळेवर झाला तर पेरणी आटोपून घरातला एक जण दिंडीत जातो आणि बाकीचे मागे कोळपणी पाहतात. मृग कोरडा गेला तर त्या वर्षी दिंडी विरळ होते. शेती आणि वारी यांचे भांडण नसून वाटणी आहे, हे पैठणहून पंढरीला जाणाऱ्या वाटेवर, धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याच्या अलीकडच्या कोणत्याही मुक्कामी कळले असते.

यातले बरेचसे लेखन पुणे-आळंदीच्या वाटेवरचे आहे. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि अभ्यासक मुंबई इलाख्यातले, त्यामुळे हे समजण्यासारखे आहे. पण त्यालाही आता पंचाहत्तर वर्षे उलटून गेली. संत एकनाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून निघून बीड जिल्ह्यातून आणि परांड्यावरून पंढरीला जाते. विजयनगरहून विठ्ठल परत आणल्याची कथा ज्यांच्या नावे सांगितली जाते ते भानुदास एकनाथांचे पणजोबा, आणि तेही पैठणचेच. नरसी, तेर, गंगाखेड ही नामदेव, गोरोबा, जनाबाईंची गावेही याच मुलखात आहेत. एवढे असून वारीच्या अभ्यासात या वाटेच्या वाट्याला बहुधा तळटीपच येते.

नाथांच्या पालखीबरोबर चालताना एका मुक्कामी यजमानांनी मला तांबड्या खारव्यात बांधलेली एक वही दाखवली होती. कोणत्या दिंडीची पंगत कोणत्या घरी, किती पायली ज्वारी लागली, त्या वर्षी पाऊस कधी आला, अशा नोंदी मोडीत होत्या आणि कडांना कसर लागली होती. अशा वह्या आणखीही काही घरांत असतील. आपण हैबतबाबांविषयीचे विधान दुरुस्त करावेच, पण पुढच्या आषाढीच्या पुरवणीसाठी मोडी वाचणाऱ्या एखाद्या तरुण अभ्यासकाला या वाटेवर पाठवावे, अशी विनंती आहे. ती वही पाहायला मिळेल, यासाठी यजमानांशी मी स्वतः बोलेन.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, पैठण