चैत्रोत्सवात साखळीचा इतिहासही सांगावा

संपादक महोदय,

चैत्र पौर्णिमा तोंडावर आली आहे. विठ्ठलापुरात मांडवाची तयारी सुरू झाली की साखळीच्या बाजारातही तिची चाहूल लागते. सुरंगीचे वळेसर येतात, कैऱ्या-फणसांचे ढीग लागतात, खाजे विकणारे खाजेकार कुठली जागा धरायची याच्या खटपटीला लागतात. कारापूरचे हे विठ्ठलाचे देऊळ वाळवंटी नदीच्या काठावर आहे. पंढरपूरला जाणे ज्यांना जमत नाही, अशी आमच्या भागातली कितीतरी माणसे इथेच माथा टेकून समाधान मानतात. उत्सव होतो, गर्दी होते, देवाचे सगळे यथासांग पार पडते. तरीही एक गोष्ट राहून जाते आणि ती सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

वर्तमानपत्रांत उत्सवाची बातमी येते ती बहुधा कार्यक्रमपत्रिकेसारखी. सकाळी अभिषेक, दुपारी महाप्रसाद, संध्याकाळी कीर्तन, रात्री नाट्यप्रयोग. विठ्ठलाच्या देवळात उत्सवाच्या वेळी शिवाच्या वीरभद्राचे सोंग कसे काय अवतरते, गोव्यात इतकी देवळे पडली तेव्हा हे कसे राहिले, ज्या राणे घराण्याचे हे देवस्थान ते कोण, याबद्दल अक्षर नसते. मुलांना हे घरी कोणी सांगत नाही, कारण आईवडिलांनाही ते कोणी सांगितलेले नाही. उत्सवाच्या एका संध्याकाळी, नाटकाचा पडदा उघडण्याआधी, अर्धा-पाऊण तास साखळीच्या इतिहासाला द्यावा, अशी देवस्थानच्या महाजनांना माझी कळकळीची विनंती आहे. मांडव उभा असतो, ध्वनिक्षेपक असतो आणि समोर सगळा गाव बसलेला असतो. इतके श्रोते एरवी कुठल्या व्याख्यानाला मिळणार?

सांगण्यासारखे पुष्कळ आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादींतली, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखातली, देवळे पोर्तुगिजांनी पाडली. लोकांनी देव डोक्यावर घेऊन रातोरात नद्या ओलांडल्या आणि फोंडा, डिचोली अशा सत्तेबाहेरच्या मुलखात त्यांची पुन्हा स्थापना केली. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर आपल्याच डिचोली तालुक्यात नार्व्याला आला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. साखळी मात्र नव्या, म्हणजे नंतर जिंकलेल्या, काबिजादींतली. १७४६ साली पोर्तुगिजांनी डिचोलीसह हा मुलूख जिंकला, पण तो त्यांच्या हाती टिकला नाही. सावंतवाडीकर भोसल्यांशी त्यांची ओढाताण चालूच राहिली आणि अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत हा भाग कायमचा पोर्तुगिजांकडे गेला. तोवर काळ बदलला होता. धर्मात हात घातला तर हा डोंगराळ मुलूख सांभाळता येणार नाही हे राज्यकर्त्यांना कळले होते, त्यामुळे इथल्या लोकांच्या देवळांना आणि रीतिरिवाजांना त्यांनी धक्का लावला नाही. विठ्ठलापुरात आज आपण निर्धास्तपणे चैत्र साजरा करतो, त्यामागे हे सगळे आहे. दिवाडीच्या किंवा बारदेशच्या माणसाला देवासाठी नदी ओलांडावी लागली. आपला देव आपल्याच काठावर राहिला. मुलांना हे कळले पाहिजे.

आणि राणे. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या बंडांना दोन-चार ओळी मिळतात. दीपाजी राणे यांनी २६ जानेवारी १८५२ रोजी नाणूसच्या किल्ल्यावर ताबा मिळवला आणि जवळजवळ साडेतीन वर्षे पोर्तुगीज फौजेला दाद दिली नाही. १८५५ साली सरकारला तडजोड करावी लागली. पुढे कुष्टोबा राणे उभे राहिले. १८९५ साली तर मोझांबिकला जायला नकार देणाऱ्या शिपायांच्या उठावाला राण्यांची साथ मिळाली आणि तो मोडायला पोर्तुगालहून राजाच्या भावाला सैन्य घेऊन यावे लागले. ज्या घराण्याने हे केले त्यांच्या देवळासमोर आपण उत्सवात उभे असतो. नाणूस इथून फार लांब नाही. तरी किती मुलांनी तो किल्ला पाहिला आहे? उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी शाळांनी मुलांना नाणूसला न्यावे. हरवळ्याच्या जांभ्या दगडातल्या गुंफा तर साखळीपासून अगदी हाकेच्या अंतरावर आहेत, त्याही दाखवाव्यात. गोव्याच्या मुक्तीचा इतिहास १९४६ च्या डॉ. लोहियांच्या मडगावच्या सभेपासून सुरू होतो असे मुलांना वाटते. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी याच डोंगरांत बंदुका कडाडल्या होत्या, हे त्यांना कोण सांगणार?

आता वीरभद्राविषयी. दक्षाने यज्ञात शिवाचा अपमान केला, सतीने देह टाकला, तेव्हा शिवाने आपटलेल्या जटेतून वीरभद्र जन्मला आणि त्याने तो यज्ञ उधळून लावला, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. दोन्ही हातांत तलवारी घेऊन ढोल-ताशांच्या घाईवर तो पुढे झेपावतो, तेव्हा म्हातारी माणसेही हात जोडून मागे सरतात. गोव्यात वीरभद्राची ही परंपरा फोंडा, सांगे, डिचोली अशा मोजक्याच भागांत आहे. वीरभद्राची उपासना मुख्यतः कर्नाटकातल्या वीरशैवांची. साखळीहून केरीमार्गे चोर्ल्याचा घाट चढला की बेळगावचा मुलूख लागतो. या वाटेने माल आला, माणसे आली आणि त्यांच्याबरोबर वीरभद्रही घाट उतरला असावा, असे मला मनापासून वाटते. विठ्ठलाच्या अंगणात त्याला जागा मिळाली, कोणी हरकत घेतली नाही आणि आज तो आपल्या उत्सवाचा प्राण आहे. घाटावरच्या आणि घाटाखालच्या माणसांचा इतका जुना घरोबा असलेला हा गाव आहे. म्हादई नदीच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक ही दोन राज्ये न्यायालयात भांडत असताना तर हे आवर्जून सांगायला हवे. पाण्यावरचा आपला हक्क सोडावा असे मी मुळीच म्हणत नाही. तो हक्क शेवटपर्यंत लढवलाच पाहिजे.

वीरभद्रासाठी गावकऱ्यांकडे एक मागणे आहे. अलीकडे तो आला की शेकडो मोबाईल वर होतात आणि सगळीकडून प्रकाशाचे झोत त्याच्या तोंडावर पडतात. व्रतस्थ राहून हे सोंग घेणारा माणूस देवाच्या नावाने उभा असतो. हातात धारदार शस्त्रे, अंगात आवेश आणि डोळ्यांवर हा लखलखाट! एखाद्या वेळी पाऊल चुकले, तर केवढे संकट ओढवेल याचा विचार व्हावा. त्याच्या वाटेवर दोरी धरणारे स्वयंसेवक वाढवावेत, तेवढ्या वेळापुरते मोबाईल खिशात ठेवण्याची सूचना आधीच द्यावी आणि चित्रीकरण देवस्थानने नेमलेल्या एकाच माणसाने करावे. ते नंतर सगळ्यांना देता येईल. मांडवातले झगझगीत दिवेही त्या वेळी मंद करता येतील. पूर्वी हे सगळे दिवट्यांच्या उजेडात होत असे आणि त्यातली भीती, भक्ती लोकांच्या अंगावर येत असे. ती आज निम्मी उरली आहे.

वाळवंटीबद्दल लिहिले नाही तर पत्र अपुरे राहील. ही नदी पुढे मांडवीला मिळते. पडोशेच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून आपल्या नळांना येणारे पाणी तिचेच आणि उन्हाळ्यात ती आटू लागली की अंजुणे धरणाच्या पाण्यावर भिस्त असते. खाणींच्या वर्षांत तिच्यात माती उतरली, पावसाळ्यात ती बाजारात शिरली, तरी आपण तिच्याकडे वळून पाहतो ते त्रिपुरारी पौर्णिमेला होड्या सजवताना. चैत्रात तिचे पाणी बरेच कमी झालेले असते. काठ उघडे पडतात आणि वर्षभर टाकलेले प्लास्टिक, निर्माल्य, फुटक्या बाटल्या असे सगळे दिसू लागते. म्हणजे साफसफाईला हीच वेळ योग्य. उत्सवाआधीच्या रविवारी देवळाजवळचा काठ तरी गावाने मिळून साफ करावा. जत्रेच्या फेरीतल्या दुकानांना जागा देताना कचऱ्याच्या पिशवीची अट घालावी आणि महाप्रसादाच्या पत्रावळी नदीकडे जाणार नाहीत यासाठी माणसे नेमावीत. याला मोठा खर्च येत नाही.

शेवटी एक विनंती आपल्या वाचकांना. साखळी, कारापूर, हरवळे, केरी, मोर्ले या गावांत अनेक घरांत जुन्या पेट्या आहेत. त्यांत उत्सवाच्या हस्तपत्रिका असतील, मांडवात झालेल्या संगीत नाटकांचे फोटो असतील, मोडीतली कागदपत्रे असतील. वाळवी लागण्याआधी ती बाहेर काढा. मूळ कागद कोणाला देऊ नका, पण गावातल्या तरुणांना त्यांचे फोटो काढू द्या, मागे कोणाचे, कुठले, केव्हाचे ते लिहून ठेवा. ज्यांनी मुक्तीपूर्वीचा चैत्रोत्सव पाहिला, अशी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्यापाशी बसून त्यांचे बोलणे मोबाईलवर टिपून घ्या. या उत्सवात मांडवाच्या एका बाजूला अशा फोटोंचे आणि कागदांचे प्रदर्शन लावण्यास देवस्थानने परवानगी दिली, तर मांडणीचे काम आम्ही काही निवृत्त शिक्षक आनंदाने करू.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
कारापूर-साखळी, गोवा